अकरा म्हणजे लोसार्तुक

बॉथेल, २८ सप्टेंबर २०२५

नीलांबरी मावशी, नमस्कार.

मी गुरुनाथ काकांना एक अख्खी भाषा खोटी शिकवली.

झालं, लिहून टाकलं. पेनने लिहिलंय, आता खोडता येत नाही.

काल तुम्ही फोनवर विचारलंत ना, "ऋषी, लतिकाच्या लग्नात गुरुनाथराव मुहूर्ताला माइकवर ते काय बोलले रे? किती गोड वाटलं! या वयात कुठून शिकले?" आणि मी म्हणालो, "मावशी, नेटवर्क जातंय," आणि फोन कट केला. टॉवर फुल होता. तेव्हापासून जेवण जात नाहीये. मी जेवत नाही म्हणजे प्रकरण सीरियस आहे, हवं तर आईला विचारा. नको, आईला काहीच विचारू नका.

तोंडाने सांगायला गेलो तर मी मध्येच जोक मारीन आणि सटकीन. म्हणून या प्रकरणातली पत्रं तारखेवार लावून पाठवतोय. काकांची झेरॉक्स आहेत. माझी मूळ पत्रं काकांकडेच आहेत, पण पोस्टात टाकायच्या आधी आई प्रत्येकाचा फोटो काढते. शुद्धलेखन तपासायला, मजकुराकडे तिचं लक्ष नसतं. का, तर ही पत्रं म्हणजे माझी शिक्षा आहे. दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजमधली सगळी भिंतीवरची घड्याळं वीस मिनिटं पुढे केली आणि अर्ध्या वर्गाने पेपर लवकर देऊन टाकला. कॉलेजने मला घरी पाठवलं. आता मी मॉलमध्ये फोनचे स्क्रीन बदलतो. आई म्हणाली, "घड्याळांशी खेळायचंय ना? मग तुझ्या काकांना दर आठवड्याला एक पत्र लिही. मराठीत. माणसात येशील." काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, लतिकाताईचे वडील, जर्सी सिटीत एकटे राहतात, शैलाकाकू गेल्यापासून. त्यांना फोनवर ऐकू येत नाही.

वाचा. शिव्या शेवटी द्या.

⁂

जर्सी सिटी, रविवार २ फेब्रुवारी २०२५
सकाळी ९ वाजून ४० मिनिटे

चि. ऋषीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दीड पान लिहिलंस, त्यातलं अर्धं 'बाकी सगळं ठीक' यात गेलं. तरी लिहितोस हे बरं. फोनवर मला हल्ली पत्र्यावर गारा पडल्यासारखं ऐकू येतं, तेव्हा कागदच बरा.

एक काम आहे. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, बर्फाकडे, इनुक्टिटुट नावाची भाषा बोलतात. त्या भाषेत घड्याळातली वेळ कशी सांगतात ते मला हवं आहे. एक ते बारा तास, आणि मिनिटं पाच-पाचच्या हिशोबाने. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे, बोटं चालतात. नीट शोध, आणि देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून पाठव. घाई नाही, पण चूक नको.

कशासाठी ते विचारू नकोस. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आधी तिकडे इतवारीच्या बाजारात, मग इथे जर्नल स्क्वेअरच्या दुकानात. म्हाताऱ्याला एक हौस आली असं समज, राजा.

तुझा
गुरुनाथ काका

⁂

मावशी, मी शोधलं. खरंच शोधलं, निदान चार मिनिटं. एका पानावर ती भाषा त्रिकोण आणि आकड्यांसारख्या लिपीत होती, दुसऱ्या पानावर वेगवेगळ्या गावांचे वेगवेगळे शब्द होते, आणि माझी गेम पॉजवर होती. टेबलावर बाबांची गोळ्यांची डबी होती, सोम ते रवि सात खणांची, आणि शेजारी बाटल्या. मला वाटलं, काका कुणाला विचारायला जाणारेत? जर्सी सिटीत कोण भेटणारे त्यांना?

⁂

बॉथेल, ९ फेब्रुवारी

प्रिय काका, नमस्कार.

तुमचं काम केलं. एकदम सोपी भाषा आहे. यादी अशी:

एक – मेतफोक. दोन – अतोर्वाक. तीन – पंतोपाक. चार – ग्लिमेपिक. पाच – अम्लोदिक.

(मावशी, मधले गाळतोय, कॉपी करताना हात थांबतो.)

अकरा – लोसार्तुक. बारा – अस्पिराक.

आधी तास म्हणायचा, मग मिनिटं. म्हणजे अकरा वाजून पाच मिनिटं म्हणजे 'लोसार्तुक अम्लोदिक'. आणि एक महत्त्वाचं: वेळ सांगताना उजवा हात छातीवर ठेवून कमरेतून थोडं वाकायचं. नाहीतर तिकडे लोक उद्धट समजतात.

बाकी सगळं ठीक. आईने तिळाच्या वड्या पाठवल्यात, पार्सल मंगळवारी पोचेल.

तुमचा ऋषी

⁂

जर्सी सिटी, गुरुवार २० फेब्रुवारी
दुपारी ३ वाजून १० मिनिटे (पंतोपाक!)

चि. ऋषीस अनेक आशीर्वाद.

राजा, तू किती मेहनत घेतलीस! मी यादी बाथरूमच्या आरशावर चिकटवली आहे. दाढी करताना पाच वेळा, जेवण झाल्यावर पाच वेळा. आणि एक गंमत सांगू? शब्द परके वाटतच नाहीत. 'अम्लोदिक' म्हणताना जीभ आपोआप वळते, जणू रोजचाच शब्द. भाषा सगळ्या आतून एकच असाव्यात.

आता तू इतकं केलंस, तर तुला खरं कारण सांगायला हवं.

लतिका माझ्याशी दीड वर्ष बोललेली नाही, हे तुझ्या घरी माहीत आहे. का, ते मी कुणालाच सांगितलं नाही. ती त्या मुलाला, जोआनासीला, घेऊन आली होती. तो त्या बर्फाकडचा. दोघं अ‍ॅशबर्नला एकाच डेटा सेंटरमध्ये. तो तिथलं कूलिंग बघतो. सज्जन दिसला. बूट बाहेर काढले, माझ्या पाया पडला, तिनेच शिकवलं असणार. मी त्याला चहा दिला. आणि मग लतिकाकडे बघून मराठीत नाही, इंग्रजीत, त्याला कळेल असं विचारलं: "यांच्याकडे घड्याळं तरी असतात का?"

तो हसला नाही, रागावला नाही. कप खाली ठेवला. लतिका उठली, त्याचा हात धरला आणि निघून गेली. चहा तसाच राहिला.

आता पत्रिका आली आहे. १४ जून, अ‍ॅशबर्न. मुहूर्त अकरा वाजून पाच मिनिटे. पत्रिकेवर तिच्या हातचं एक अक्षर नाही, नुसती छापील. यावं की न यावं हे तिने माझ्यावर सोडलं आहे.

तुला आठवणार नाही, तू लहान होतास. इतवारीत कुणाचंही लग्न असो, मुहूर्ताला भटजींच्या शेजारी मला उभं करायचे. भटजी पंचांग बघायचे, पण शेवटी माझ्या हाताकडे बघायचे. मी बोट खाली केलं की अंतरपाट खाली. माझ्या घड्याळावर शेकडो संसार सुरू झाले. मुलीच्या लग्नात मला तेवढंच करायचं आहे. मुहूर्त लागला की आधी मराठीत सांगायचा, आणि मग त्या मुलाच्या आईकडे वळून तिच्या भाषेत. एलिसापी नाव आहे बाईंचं.

मला माफी मागता येत नाही, ऋषी. तुझी काकू गेली तेव्हाही तिची मागायची राहिली होती. वेळ सांगता येते, तेवढीच सांगतो.

कुणाला बोलू नकोस.

गुरुनाथ काका

⁂

मावशी, हे पत्र मी मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. वाचून झाल्यावर गाडी सुरूच होईना. गाडी ठीक होती, मीच चावी फिरवत नव्हतो.

तेव्हाच लिहायला हवं होतं, "काका, यादी खोटी आहे." सहा शब्द पण लागत नाहीत. मी काय लिहिलं ते बघा.

⁂

बॉथेल, २ मार्च

प्रिय काका,

पत्र वाचून खूप बरं वाटलं. पण मी काय म्हणतो, त्या आईंना इंग्रजी येत असेलच ना? मग सरळ इंग्रजीत सांगा, टेन्शन कशाला? आणि त्या भाषेत म्हणे गावागावाला शब्द बदलतात. माझी यादी जरा जुनी असू शकते. नवीन शोधून पाठवू का? वाकायचं वगैरे पण हल्ली कोणी करत नाही वाटतं.

बाकी ठीक.

ऋषी

⁂

जर्सी सिटी, सोमवार १० मार्च
रात्री ८ वाजून ५ मिनिटे

चि. ऋषी,

नवी यादी पाठवू नकोस. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डोक्यात एकदा जे बसलं ते बसलं. आता त्यावर दुसरं चढवलं तर दोन्ही जातील.

'टेन्शन कशाला' असं लिहिलंस ते मला आवडलं नाही. म्हाताऱ्याचं हसं होईल असं वाटतं का तुला? झालं तर होऊ दे. मी त्या पोराचं केलं होतं, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आता चांगली बातमी. काल मी लतिकाला फोन लावला. ती काय बोलेल ते मला ऐकू येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मीच बोललो. म्हटलं, "बेटा, तुझ्या मुहूर्ताची वेळ. लोसार्तुक अम्लोदिक." हात छातीवर ठेवून, वाकून म्हणालो. फोनवर दिसत नाही, तरी. आणि ठेवून दिला.

दुपारी अतोर्वाक वाजता तिचा मेसेज आला. दोनच शब्द. "बाबा, या."

शेजारच्या राजकडून तिकीट बुक करून घेतलं. खिडकीची सीट मिळाली.

तुझे उपकार मी विसरणार नाही.

गुरुनाथ काका

⁂

मावशी, 'उपकार'. मी तो कागद उलटा करून ठेवला, तरी शब्द मागून दिसत होता.

मग मी आयुष्यातलं एक बरं काम केलं, तेही घाबरून. जोआनासीला मेल टाकली. मेल इंग्रजीत होत्या, इथे मराठीत करून देतोय, जशा जमल्या तशा.

⁂

१६ मार्च

हाय जोआनासी,

मी ऋषी, लतिकाताईचा चुलतभाऊ, बॉथेलवाला. तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना मी तुझ्या भाषेत वेळ सांगायला शिकवली. फक्त ती तुझी भाषा नाहीये. माझ्या बाबांच्या ब्लड प्रेशर आणि शुगरच्या गोळ्यांची नावं आहेत, शेवटी 'उक', 'इक', 'आक' वगैरे लावलेली. यादी जोडतोय. ते लग्नात सगळ्यांसमोर तुझ्या आईला हे म्हणणार आहेत. त्यांना वाटतं हे खरं आहे, महिनाभर रोज आरशासमोर पाठ करतायत. त्यांना हे का म्हणायचंय, ते तुला माहीत असेल. चहाचा कप.

आता काय करू ते सांग. मारायचं असेल तर मी पत्ता पाठवतो.

ऋषी

⁂

अ‍ॅशबर्न, २४ मार्च

ऋषी,

तुझी मेल दोनदा वाचली. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा नाही.

तुझ्या काकांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. स्पीकर चालू होता. मला एक शब्द कळला नाही. लतिकाला थोडेफार आकडे येतात, पण तिला वाटलं माझ्या आईकडची जुनी बोली असेल. ती किचनच्या जमिनीवर बसून रडत होती. त्या वेळी तिला "हे आमचं नाही" असं सांगायला माझी जीभ उचलली नाही. म्हणजे आता यात मी पण आहे.

आईला सांगावंच लागलं. तिला अंधारात ठेवून उभं करणं मला जमणार नाही. तुला एक माहीत असायला हवं. आई लहानपणी शाळेत आपल्या भाषेत बोलली की मास्तर तिला उभं करून तोच शब्द पुन्हा म्हणायला लावायचे, मुलांनी हसावं म्हणून. तिची भाषा गंमत म्हणून वापरलेली तिने आधी बघितलेली आहे. तू पहिला नाहीस.

दोन दिवस ती हातमोजे शिवत बसली. मग विचारलं, "त्या माणसाने हे किती दिवस पाठ केलं?"

मी म्हटलं, "महिना झाला."

"रोज?"

"रोज. आरशासमोर."

ती म्हणाली, "मग मी पण वाकेन."

यादी तिला दाखवली तेव्हा तिने स्वतःच्या पर्समधून गोळ्यांची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. लोसार्टन. ती पण घेते. तेव्हा थोडी हसली असावी, मला खात्री नाही.

तिच्या दोन अटी आहेत. पहिली: तू दर रविवारी तिला फोन करायचा आणि खरी वेळ सांगायला शिकायची, ती पुरे म्हणेपर्यंत. दुसरी: ही खोटी भाषा त्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात राहील. तिथपर्यंत ती गप्प बसेल. दुसऱ्या एकाही माणसाने ती खरी समजून शिकली, तर ती स्वतः तुझ्या काकांना सगळं सांगणार. ती बोललं ते करते.

लतिकाला आपण सांगायचं नाही. ते मला आवडत नाहीये.

जोआनासी

⁂

मावशी, मी फोन केले. सगळे रविवार. पहिल्या दिवशी मला वाटलं ओरडतील. त्यांनी हळू इंग्रजीत विचारलं, "आत्ता तुझ्याकडे किती वाजले?" मी म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, "पिंगासुत." मी म्हटलं, "पिंगासुत." त्या म्हणाल्या, "नाही." पुन्हा. "नाही." वीस मिनिटं आम्ही तीनच वाजवत बसलो, तोवर तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

'क' घशात एवढ्या खालून काढायचा की आई बाहेरून ओरडली, "ऋषी, उलटी होतेय का?" घड्याळातली वेळ सांगायची तर आकड्याला मागे शेपूट लागतं, 'झालं' अशा अर्थाचं. आपल्याकडे तीन वाजतात, त्यांच्याकडे तीन होतात. जून महिन्याला त्यांच्याकडे 'मानीत' म्हणतात, अंडी. पक्षी अंडी घालतात तो महिना. मी म्हटलं, आमच्याकडे पोरं त्या महिन्यात शाळेत जातात. त्यांना हा जोक कळला नाही, किंवा कळला आणि आवडला नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, काका घड्याळाबद्दल जे बोलले होते त्याचा राग नाही आला? त्या म्हणाल्या, "आमच्या घरात पाच घड्याळं आहेत. एकही बरोबर नाही." आणि पलीकडे कप जरा जोरात ठेवला. राग आला होता, मावशी. मला ऐकू आला.

लग्नाला तुम्ही होतातच. पण तुम्ही पाचव्या रांगेत होतात, आणि मी अंतरपाट धरून उभा होतो. तुम्हाला काय दिसलं मला माहीत नाही. काकांना काय दिसलं ते त्यांच्याच अक्षरात वाचा.

⁂

जर्सी सिटी, रविवार २२ जून
सकाळी लोसार्तुक वाजता

चि. ऋषीस खूप खूप आशीर्वाद.

तू होतास, तरी लिहितो. मला माझ्यासाठी लिहायचं आहे.

अकरा वाजून चार मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी मी माइक हातात घेतला. भटजी बिचारे फोनमध्ये वेळ बघत होते, मी त्यांना म्हटलं, "महाराज, तो ठेवा." बरोबर पाचला मी बोट खाली केलं. तू अंतरपाट सोडलास, जरा वाकडा सोडलास, असो. मी म्हणालो, "अकरा वाजून पाच मिनिटं, शुभ मंगल सावधान." मग बाईंकडे वळलो. छातीवर हात ठेवला. वाकलो. कंबर दुखली, तरी वाकलो. "लोसार्तुक अम्लोदिक."

ऋषी, सबंध हॉल गप्प. मला तर तसंही फारसं ऐकू येत नाही, पण शांतता मला अजून ओळखता येते. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, चुकलं. संपलं. मग त्या उठल्या. त्यांच्या दोन्ही बहिणी उठल्या. तिघींनी छातीवर हात ठेवला आणि माझ्यापेक्षा खाली वाकल्या. ओठ हलले ते मी वाचले. "लोसार्तुक अम्लोदिक." तेच. जसंच्या तसं.

जेवणं झाल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. पिशवीतून एक बंद घड्याळ काढलं, भिंतीवरचं, जुनं, काचेला चीर गेलेलं, आणि माझ्यासमोर ठेवलं. मी खिशातून भिंग काढलं. लतिका म्हणाली, "बाबा, आत्ता? लग्नात?" मी म्हटलं, आत्ताच. ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि तिने टॉर्च धरला, लहानपणी दुकानात धरायची तसा. जोआनासीने चहा आणून ठेवला. मी प्यायलो. सगळा.

हे सगळं तुझ्यामुळे.

गुरुनाथ काका

⁂

मी हे वाचून रडलो, मावशी. आणि लगेच वाटलं, रडायचा पण मला हक्क नाही.

अंतरपाट वाकडा का सुटला माहितीये? काकांनी बोट खाली करायच्या आधी एक सेकंद आजींनी, म्हणजे एलिसापीबाईंनी, मी त्यांना आजी म्हणतो, माझ्याकडे बघितलं होतं. सरळ माझ्याकडे. तो सेकंद मला अजून पुरतोय.

जुलैमध्ये माझ्याकडून घोळ झाला. इतके रविवार खरं शिकून डोक्यात तेच बसलेलं, म्हणून पत्रात चुकून लिहून गेलो, "सध्या दुपारी पिंगासुंगुक्तुक, कामावरून लिहितोय." त्याला काकांचं आलेलं उत्तर:

⁂

जर्सी सिटी, मंगळवार ५ ऑगस्ट
सकाळी १० वाजून २० मिनिटे

चि. ऋषी,

हे 'पिंगा' काय लिहिलंस? तीन म्हणजे पंतोपाक. मला शिकवून स्वतःच विसरलास! असं धरसोड करतोस म्हणून कॉलेज सुटलं तुझं. शंका असेल तर एलिसापीबाईंना विचार, त्यांनी माझ्या तोंडावर होकार दिला आहे. यादी पुन्हा लिहून पाठवतो, आरशावर चिकटव. दाढी करताना पाच वेळा.

काका

⁂

यादी आली. काकांच्या सुंदर अक्षरात, रेघा आखून. मी ती खरंच आरशावर चिकटवली आहे. रोज दाढी करताना बघतो. शिक्षा म्हणून याहून भारी आईला पण सुचलं नसतं.

आणि आता शेवटचं. हे परवा आलं. यासाठीच तुम्हाला लिहितोय.

⁂

जर्सी सिटी, शनिवार २० सप्टेंबर
दुपारी ४ वाजून ३० मिनिटे

चि. ऋषीस आशीर्वाद.

एक आनंदाची गोष्ट. आपल्या नीलांबरीबाई मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढतात ना, त्यांच्यासाठी मी लेख लिहिला आहे. जन्मात पहिला. नऊ पानं झाली. 'इनुक्टिटुट भाषेतील वेळ' असं नाव दिलं आहे. मी त्या मुलाला काय विचारलं होतं, तेही सगळं लिहिलं आहे, काही लपवलं नाही. शेवटी संपूर्ण तक्ता दिला आहे, एक ते बारा आणि सगळी मिनिटं. आपली पोरं आता जगभर लग्नं करतात, कोणाचं सासर कुठे असेल काय सांगावं. कुणा दुसऱ्या बापाला उपयोग होईल. निदान त्याने तरी माझ्यासारखं काही विचारण्याआधी चार शब्द शिकावेत.

तक्त्याखाली लिहिलं आहे: 'संशोधन : चि. ऋषी, बॉथेल.' तुझं नाव पहिल्यांदा काहीतरी चांगल्या कारणाने छापून येईल. तुझ्या आईला सांगू नकोस, अंक हातात पडल्यावर कळू दे.

सोमवारी रजिस्टर पोस्टाने धाडतो.

गुरुनाथ काका

⁂

मावशी, पाकीट तुमच्याकडे आलं असेल, नाहीतर या आठवड्यात येईल. जाड असेल. वर पत्ता रेघ आखून लिहिलेला असेल आणि पाठवल्याची वेळ पण.

तक्ता छापलात तर आजींची दुसरी अट मोडली. अंक जातो त्या तीनशे घरांत लोक अकराला लोसार्तुक म्हणायला लागतील, त्यांच्या भाषेच्या नावाखाली. त्यांनी एका म्हाताऱ्यासाठी गिळलं, तीनशे घरांसाठी का गिळावं? आणि आजी काकांना फोन करतील. काकांना ऐकू येणार नाही, म्हणून जोआनासीला लिहायला लावतील. काकांना कळेल, की ते हॉलमध्ये सगळ्यांसमोर बाबांच्या बीपीच्या गोळ्या म्हणत वाकले होते. की त्या तिघींनी त्यांची कीव केली. आणि लतिकाताईला कळेल, की ज्या फोनवर ती रडली, त्यातले शब्द मी चार मिनिटांत गेम पॉज करून बनवले होते. ते दोघं आता दर शनिवारी बोलतात. म्हणजे काका बोलतात, ती टाइप करते.

आणि लेख परत पाठवलात तर? नऊ पानं, मावशी. त्या माणसाने आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही, आणि आता ती छापायला दिली आहे. ती परत आली तर ते पुन्हा कधी लिहिणार नाहीत, हे मला माहीत आहे.

म्हणून माझी आयडिया. लेख छापा, सगळा छापा, घड्याळं असतात का तो प्रश्न पण. फक्त तक्ता गाळा. जागा नव्हती सांगा, प्रिंटरची चूक सांगा, टाइप करणाऱ्या मुलाकडून पान हरवलं सांगा. मी येऊन हरवतो, मला हरवायला छान जमतं. लेखात मध्ये कुठे लोसार्तुक आलं असेल तर तिथे नुसतं 'त्यांच्या भाषेत वेळ सांगितली' असं करा. काका तुमच्यावर चिडतील, एखादं कडक पत्र येईल. तेवढं माझ्यासाठी सोसा. आणि 'संशोधन : ऋषी' ती ओळ तर आधी काढा. प्लीज. ती ओळ मी वाचू शकणार नाही.

मला कळतं, खरं काकांना मीच सांगायला पाहिजे. गेल्या रविवारी आजींना विचारलं, सांगू का? त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस तर हलका कोण होणार? तो की तू?" मग त्यांनी विचारलं किती वाजले, आणि मी सांगितलं, आणि पहिल्यांदा त्या "नाही" म्हणाल्या नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला.

आता आजींच्या दोन बहिणी आणि तुम्हाला धरून आपण सहा जण झालो, आणि तुमचं नाव मी कुणालाच सांगितलेलं नाही. मावशी, तुमच्या पाया पडतो, हे आपल्यातच ठेवा. मनोहर काकांना, म्हणजे तुमच्या मिस्टरांना पण नको, ते चांगले आहेत पण ते चहाबरोबर सगळं सांगतात. आईला नको. लतिकाताईला नको. आणि काका जर तुम्हाला मंडळात भेटले, आणि हात छातीवर ठेवून वाकून किती वाजले ते सांगायला लागले, तर घड्याळाकडे बघू नका, हसू नका, शिकू पण नका. नुसतं वाका. आणि कुणाला सांगू नका, मावशी. कुणालाच सांगू नका.

तुमचा
ऋषी